वरीलप्रमाणे

वहीच्या पानावर पट्टीनं तीन रकाने आखले होते. नाव, गाव, अभिप्राय. रत्नागिरीच्या टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघून आम्ही बाहेर पडत होतो आणि ती वही टेबलावर उघडी होती, सुतळीनं बांधलेल्या बॉलपेनसकट. अशा वहीत मी कधी लिहीत नाही, नवरा तर तिच्याकडे बघतही नाही. बाबा मात्र थांबले. चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला ती ठरलेली शेपटी देऊन. मग पेन 'गाव'वर आलं आणि टेकल्यासारखं राहिलं. फार वेळ नाही, मागे कुणी खोळंबलं असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं एवढाच. वरच्या ओळीत कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'जळगाव' लिहिलं होतं. बाबांनी त्याखाली दोन बारीक उभ्या रेघा ओढल्या आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, 'घर चांगले राखले आहे.'

आम्ही जळगावचे नाही. बाबा जळगावला उभ्या आयुष्यात गेलेले नाहीत.

त्या दोन रेघा मला तेव्हाच विचारता आल्या असत्या. विचारल्या नाहीत, कारण आदल्याच दिवशी दुपारी राजापुरात आम्ही आमचं घर विकून आलो होतो. आमचं म्हणजे बाबांचं, म्हणजे सातबारावरच्या सात जणांचं. दोन काका, एक आत्या, गेलेल्या काकांची मुलं. खरेदीखत नोंदवताना एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो आणि अंगठा घेतला. आत्याचा अंगठा यंत्राला चार वेळा पटेना. "भांडी घासून घासून रेघाच गेल्यात गो माझ्या," ती मला म्हणाली आणि स्वतःच हसली. धाकटे काका तेवढ्यात बोलून गेले की या घराच्या कामासाठी सगळी भावंडं एका वेळी हजर राहण्याची ही पहिलीच वेळ. त्यावरही सगळे हसले. नंतर बाहेर टपरीवर चहा झाला, घेणाऱ्याने पेढे वाटले, आणि पेढा तोंडात टाकल्यावर आपण नक्की कशाचा पेढा खातोय हे कळून माझा घास जरा अडला. बाबांचा अडला नाही. त्यांनी दुसराही घेतला.

विकलं ते बरोबरच केलं. हे मी घाईघाईनं लिहितेय तेही मला दिसतंय, तरी बरोबरच केलं. आई गेल्यावर बाबा पुण्याला माझ्याकडे आले आणि घर दोन पावसाळे बंद राहिलं. पहिल्या पावसाळ्यात पडवीवरची कौलं सरकली, दुसऱ्यात माजघराच्या भिंतीला वाळवी वर चढली. दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधायचा, तो मिळेना, मिळाला तर वर चढायला तयार होईना. लांबून घर सांभाळणं म्हणजे फोनवरून आजारी माणसाची चौकशी करत राहणं असतं. 'आज बरं आहे' ऐकलं की आपण सुटतो. ज्यांनी घेतलं ते ते पाडणार आहेत. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचा हा स्पष्टपणा मला आवडला की झोंबला ते अजून ठरत नाही.

तर दुसरा दिवस मोकळा होता. रात्रीचा मुक्काम रत्नागिरीत होता आणि सकाळी नवरा म्हणाला, आलोच आहोत तर लेकाला गाव दाखवू. माझ्या मनात आलं, आज नको. पण नऊ वर्षांच्या मुलाला लॉजच्या खोलीत कोंडून 'आज नको' कसं समजावणार? शिवाय बाबाच सगळ्यांत आधी चप्पल घालून खाली उभे. म्हणून आपलं घर विकल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे दुसऱ्यांची घरं बघायला निघालो.

फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळी हवेत अजून गारवा, पण भिंतींवर पडणारं ऊन कडक. आंब्यांवर मोहोर होता आणि काही झाडांवर सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. बाबा गाडीतून मान काढून झाडं बघत होते, ती कुणाची आहेत हे त्यांना माहीत असल्यासारखी. टिळक आळीतल्या त्या घरात शिरताना त्यांनी उंबऱ्यावर पाय दिला नाही, ओलांडला, आणि लेकाला खांद्याला धरून तसंच ओलांडायला लावलं. आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो. सावली, थंड जमीन, भिंतीवर ओळीनं फोटो. लेक फोटोंखालच्या ओळी वाचत सुटला. 23 जुलै 1856 हा जन्म, पाळण्यातलं नाव केशव, हाक मारायला बाळ. नवरा फोटोंचे फोटो काढत होता. बाबा वर बघत होते.

वर म्हणजे छपराकडे. मग त्यांनी एका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि समाधानानं मान हलवली. दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आधी वाळवी लागते तिथे, अंगठ्यानं दाबून पाहिलं. कोनाड्यात हात घालून धूळ आहे का बघितलं. भाड्यानं घर घेणारा माणूस बघतो तसं बघत होते, किंवा आपलं घर कुणाला दिलं असेल तर वर्षानं जाऊन बघतो तसं. लोकमान्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं म्हणणं वाईट दिसतं, पण नव्हतंच. तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं ते असं की कौलं दर वर्षी परतता का. तो म्हणाला, सरकारी आहे, होतं ते सगळं. बाबा म्हणाले, "बरं आहे हो." त्या 'बरं आहे'मध्ये हेवा होता. मी तो ओळखते, कारण त्याच वेळी तोच हेवा मलाही वाटत होता. आमच्या घरात कुणीतरी थोर जन्मायला हवं होतं, म्हणजे कौलांचं सरकारनं बघितलं असतं.

आई असती तर तिनं चूल कुठे होती ते विचारलं असतं. जाईल त्या वाड्यात, किल्ल्यात, महालात ती हेच विचारायची आणि बहुतेक ठिकाणी कुणालाच सांगता यायचं नाही. रायगडावर वाटाड्याला तिनं इतकं भंडावलं होतं की शेवटी तो म्हणाला, मावशी, तुम्ही इथेच राहायला आलाय का? मी त्या दिवशी तिच्या वतीनं विचारणार होते. पार्वतीबाई बाळंत झाल्या ती खोली दाखवतात, पण त्या दहा वर्षांत त्यांनी पेज कुठे उकळली, पावसात लाकडं कुठे वाळवली? विचारलं नाही. आईचा प्रश्न आईच्या तोंडीच शोभायचा. मी विचारला असता तर मुलाखत घेतल्यासारखं झालं असतं.

दहा वर्षंच. कारण 1866 साली टिळकांच्या वडिलांची, गंगाधरपंतांची, बदली पुण्याला झाली आणि कुटुंब उठलं. मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव, नोकरी रत्नागिरीत, आणि हे घर म्हणजे शिक्षकाचं बिऱ्हाड. पाठ्यपुस्तकातून हे सगळं आपण वाचलेलं असतं, तरी त्या दिवशी मला 'बिऱ्हाड' हा शब्द नव्यानं भेटला. लहानपणी तो सारखा कानावर पडायचा. अमक्यांचं बिऱ्हाड वर आहे, तमक्यांनी बिऱ्हाड हलवलं. आता कुणी बिऱ्हाड म्हणत नाही, सगळे 'रेंटवर' असतात. बिऱ्हाडाला पाठीवर घेऊन निघता येतं, घराला नाही. आणि गंमत अशी की ज्यांनी बिऱ्हाड केलं ते कधीच उठून गेले, आणि ते बिऱ्हाड मात्र दीडशेहून जास्त वर्षांनीही राखलेलं आहे, पाटी आणि फोटो लावून. आमचं मात्र घर होतं. चिऱ्यांचं, पाच पिढ्यांचं, आणि येत्या मे महिन्यात तिथे यंत्र येणार.

दुपारी सुरमई आणि सोलकढी झाली. बाबांनी तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि 'आगळ जुनं आहे' म्हणून नाव ठेवलं.

थिबा राजवाड्यात आम्ही चारच्या सुमारास पोचलो. उतरत्या छपरांचा तो लालसर वाडा टेकाडावर जरा अंग चोरून उभा आहे. मोठा आहे, पण मिरवत नाही. आत संग्रहालय, पॅलेसच्या मानानं माणसांचा राबता कमी, लाकडी जिन्यावर पाय पडला की आवाज सगळ्या मजल्याला कळतो. वरच्या अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा. उन्हाचे लाल-निळे तुकडे जमिनीवर पडले होते आणि लेक त्यातल्या लाल तुकड्यांवरच पाय द्यायचा असा खेळ खेळत होता. नाचासाठी बांधलेलं संगमरवरी दालन बघून त्यानं विचारलं, "राजा नाचायचा?" मी म्हटलं, बहुधा नाही. त्या बिचाऱ्याला नाचायला कारणच काय होतं!

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशची राजधानी मंडाले घेतलं, तिथल्या थिबा राजाला राण्या आणि मुलींसकट बोटीवर चढवलं, आधी मद्रासला नेलं आणि 1886 च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून सोडलं. तेव्हा तो तिशीच्या आत होता. रत्नागिरीच का, याचं उत्तर मला त्या खिडकीत उभं राहिल्यावर कळलं. इकडे सह्याद्री, तिकडे समुद्र, रेल्वे नाही (ती यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडायची होती), आणि पावसाळ्यात बोटी बंद. माणूस ठेवावा आणि विसरून जावं अशी जागा. पुढे सावरकरांनाही 1924 ते 1937 याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, ते उगीच नाही. बंदर म्हणजे जगाला उघडलेलं दार, असं भूगोलात शिकवतात. सरकारच्या लेखी हे बंदर कुलपासारखं होतं. थिबाला हा राजवाडा मिळाला तोही 1910 मध्ये. तोवर 24 वर्षं तो सरकारनं दिलेल्या बंगल्यांत राहिला. म्हणजे बिऱ्हाडच की! राजाचं असलं म्हणून काय झालं. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच गेला.

आता पुढची गोष्ट रत्नागिरीत कुणालाही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. तरी लेकाला सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. सकाळी ज्यांचं घर बघितलं त्या टिळकांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि नेऊन ठेवलं ते मंडालेच्या तुरुंगात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कोंडलेला, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. दोघं एकाच वेळी. इकडे राजा नव्या वाड्यात राहायला आला, तिकडे 1910-11 च्या हिवाळ्यात टिळक पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहीत होते. 1912 साली इकडे थिबाची धाकटी राणी वारली आणि त्याच वर्षी पुण्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, नवरा समुद्रापलीकडे असताना. ही जोडी लावण्यात काही अर्थ आहे असं नाही. पण एकदा दिसली की डोळ्यांसमोरून जात नाही.

लेक बोटं मोजत होता. "म्हणजे त्यांची अदलाबदल केली?"

"अदलाबदल नाही रे," बाबा म्हणाले, "बदली. सरकारी बदली. अर्ज न करता झालेली."

बाबा बोलले ते त्या दिवसातलं हे पहिलंच मोठं वाक्य, म्हणून आम्ही सगळे गरजेपेक्षा जास्त हसलो. 31 वर्षं त्यांनी बँकेत खातेवह्या लिहिल्या, आणि त्यांच्या पाच बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी आई ट्रंका बांधायची आणि म्हणायची, हे काय, हे तर बिऱ्हाड, आपलं घर आहेच की गावाला. त्या आशेवर तिनं पाच गावांत गळके नळ आणि तापट घरमालक सहन केले. सुटीत गावी आलो की पहिल्या दिवशी ती ओटीवर पाय पसरून बसायची, पाणीसुद्धा न पिता. मी तिचं तसं बसणं दुसरीकडे कुठेच बघितलं नाही. माझ्या फ्लॅटमध्ये तर ती शेवटपर्यंत सोफ्याच्या कडेवर बसली.

राजवाड्यात मला थिबापेक्षा त्याच्या थोरल्या मुलीनं जास्त अडकवलं. ती तान्ही नाही तरी अगदी लहानच असेल इथे आली तेव्हा. त्यांच्याकडच्या दरवानाशी, गोपाळ सावंतांशी, तिचं मन जुळलं. मुलगी झाली, टूटू. थिबा गेल्यावर 1919 मध्ये राणी सुपयालत उरलेल्या कुटुंबाला घेऊन ब्रह्मदेशात परतली, आणि ही थोरली राजकन्याही गेली. पण राहिली नाही. परत रत्नागिरीला आली. सगळ्या आयुष्यात ज्या गावातून सुटायचं होतं, सुटका झाल्यावर तिथेच. 1947 मध्ये ती वारली. टूटू तर अख्खं आयुष्य रत्नागिरीत मराठी बोलत जगली, गरिबीत, आणि 2000 साली गेली. म्हणजे मी शाळेच्या सहलीत हा राजवाडा बघायला आले, कंटाळून जिन्यावर बसून चिवडा खाल्ला, तेव्हा ब्रह्मदेशच्या राजाची नात याच गावात जिवंत होती, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला कुणी 'गाव कुठलं' विचारलं असेल तेव्हा ती काय सांगत असेल? बहुधा क्षणभरही न अडता सांगत असेल, रत्नागिरी. अडखळण्याची चैन आमच्यासारख्यांची.

तिथेही वही होती. मी बाबांकडे बघत राहिले. ते वहीच्या बाजूनं सरळ निघून गेले. लेकानं मात्र पानभर लिहिलं, 'लाल काचा मस्त', आणि गाव म्हणून आमच्या सोसायटीचं पूर्ण नाव, विंग आणि फ्लॅट नंबरसकट.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याचा पूल, खाडी समुद्राला मिळते ती जागा, आणि खालून आलेला खारट, थोडा सुक्या मासळीचा वारा. बाबा कठड्याशी उभे राहिले आणि बोलायला लागले. सकाळपासून जे आत साठलं होतं ते असेल असं मला वाटलं, पण ते बोटीबद्दल बोलले. मुसाकाजी बंदराला आगबोट लांब पाण्यात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, पडाव वरखाली व्हायचा आणि वरचे खलाशी पोरांना दंडाला धरून पोत्यासारखं उचलून घ्यायचे. पहिल्यांदा मुंबईला निघाले तेव्हा चौदा वर्षांचे होते. आजीनं दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि आमसुलं, आणि डेकवर चादर पसरून धरलेली जागा. अर्ध्या वाटेत बोट लागली आणि जे पोटात होतं ते सगळं समुद्रात. "भाऊच्या धक्क्यावर उतरलो तर जमीन हलत होती," ते म्हणाले. "बोट नाही, जमीन. दोन दिवस हलत होती."

लेकानं विचारलं, "आजोबा, मग थांबली कशी?"

"थांबली. सवय झाली." मग जरा वेळानं, "तुझ्या आजीला कधी बोट लागली नाही हो. ती खात बसायची."

सूर्य बुडताना नवऱ्यानं आमचा फोटो काढला. त्यात बाबा कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, मागे वळून राजवाड्याच्या बाजूला बघतायत. कदाचित गाडी नीट लावली आहे ना ते बघत असतील. त्यांचं काही सांगता येत नाही, आणि त्या दोन रेघांचंही तसंच. मी दिवसभर त्यांच्यावर एवढं मोठं काहीतरी रचत होते, पण शक्य आहे की ती निव्वळ हाताची सवय असेल. खातेवहीत वर जे असेल तेच खाली यायचं असेल तर दोन रेघा, असं 31 वर्षं केलेला हात. लिहिताना 'जळगाव' वाचलंही नसेल. हे जास्त खरं वाटतं आणि यानं मला हायसं वाटायला हवं. वाटत नाही.

जेवून रात्री निघालो. साखरप्यानंतर आंबा घाटात गाडीचे दिवे सोडले तर काही दिसत नव्हतं. लेक माझ्या मांडीवर झोपला, बाबा पुढच्या सीटवर जागे. त्यांना प्रवासात झोप येत नाही, की चालवणाऱ्यावर भरवसा नाही, हा आमच्याकडचा जुना वाद आहे. पुण्यात शिरेपर्यंत साडेचार वाजले. सोसायटीच्या फाटकाशी बाबा म्हणाले, पाय आखडलेत, मी इथून चालत येतो. म्हणून मीही उतरले, नवरा झोपलेल्या लेकाला घेऊन गाडीसकट आत गेला.

रखवालदार नवा होता. आठवड्यापूर्वीच आलेला असेल, आम्हा दोघांना ओळखत नव्हता, आणि पहाटे साडेचारला पायी आलेल्या म्हाताऱ्याला त्यानं अडवलं यात त्याची चूकही नव्हती. मी सांगणार इतक्यात बाबांनी हात करून मला थांबवलं आणि केबिनच्या खिडकीशी गेले. "एन्ट्री करा काका," तो म्हणाला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, कुठून आलात, कोणाकडे जायचे. वरच्या ओळीत दूधवाल्याची नोंद होती.

बाबांनी चष्मा खाली घेतला. नाव लिहिलं, शेपटीसकट. 'कुठून'खाली न थांबता रत्नागिरी लिहिलं. मग तिसऱ्या रकान्यावर आले, एकदा वरच्या ओळीकडे बघितलं, आणि पेन माझ्या हातात दिलं.